वाढणारी आणि जेवणारी

आधी गयाबाईंचं नाव घेते, मग बाकीचं. वरवट बकालच्या गयाबाई. आडनाव कशाला लिहितेस, गावात गयाबाई म्हटलं की मीच, असं त्या म्हणाल्या, म्हणून लिहीत नाही. माझ्यासारख्या अनोळखी बाईला त्यांनी तीन रात्री आपल्या शेजारी अंथरूण घालून दिलं, पोटभर खाऊ घातलं, आणि भर सभेत माझ्या हातून त्यांचा जो अपमान झाला तो गिळला. दुसरं नाव फोटोग्राफर रामकिसन वानखडे यांचं. खरं तर त्यांचेच फोटो पाहायला मी मालवणहून एवढ्या लांब गेले. पण आभार मानायला लागलं की ते पाठ फिरवून कॅमेरा पुसत बसतात, म्हणून त्यांचं नाव दुसरं.

आता राग. परत येऊन दीड महिना झाला तरी तो उतरलेला नाही. निम्मा लोकांवर आहे, निम्मा माझ्यावर.

मी एका लॉजवर स्वयंपाक करते. शाळा सहावीत सुटली. वाचायची सवय मात्र सुटली नाही, गिऱ्हाईक मागे टाकून जातं ते सगळं वाचते. अकोल्याच्या एका मास्तरीणबाई एक जुना दिवाळी अंक विसरून गेल्या, त्यात तो फोटो होता. काळं शेत. मध्ये एक बांबू रोवलेला. बांबूच्या डावीकडे एक म्हातारी गुडघ्यावर बसून भाकर वाढते आहे. उजवीकडे ताटावर बसलेली म्हातारीही तीच. तेच लुगडं, तेच नाक, हातावरचं गोंदणसुद्धा तेच. भाकर ताटाच्या चार बोटं अलीकडे थांबलेली. वाढणारी ताटाकडे बघते आहे आणि जेवणारी वाढणारीकडे. त्या बघण्यात प्रेम नाही. कोणी उगाच चांगलं वागायला लागलं की आपण जसं संशयानं बघतो, तसं ते बघणं.

मी दिवसाला चाळीस पानं वाढते. तो फोटो बघून मी भाताखालचा गॅस बंद करायची विसरले. भात लागला, बोलणी खाल्ली.

मास्तरीणबाईंना फोन केला, त्यांच्याकडून वानखड्यांचा नंबर मिळाला. ते म्हणाले, "प्रदर्शन हाय रविवारी, वरवटले. याचं असन त या." राहायचं कुठं, विचारलं. "जिचा फोटो पाहून येऊन राह्यल्या, तिच्याच घरी राहा ना." नवरा म्हणाला, "फोटो बघूक कोण इतक्या लांब जाता?" मी म्हटलं, मी जाते.

शुक्रवार, शेगाव

गाड्या बदलत कशी पोचले ते सांगत नाही, त्यात भीतीशिवाय काही नव्हतं. पैसे पोलक्याला पिन लावून ठेवले होते आणि दर स्टेशनाला पिन चाचपत होते. शेगावला उतरले ती दर्शनाच्या रांगेत गेले. रांगेत मागच्या बाईनं दंडाला धरलं. "बाई, लागलं काय तुले? रगत येऊन राह्यलं." बघते तर पिशवीतून लाल धार. गयाबाईंना म्हणून आणलेल्या कोकमाच्या आगळाची बाटली गळत होती. सगळे कपडे, परतीचं तिकीट, अंक, सगळं लाल. रांगेतल्या बायकांना ते रक्त नाही हे पटेना, शेवटी एकीला बोट बुडवून चाटायला लावलं. तिनं तोंड वाकडं केलं आणि मग रांगभर बाटली फिरली.

कचोरी खाल्ली आणि वरवटची एसटी धरली. आमच्याकडे डोंगर उशाशी असतो, चार पावलं गेलं की चढ लागतो. इथं जमीन ताटासारखी सपाट. तूर कापणीला आलेली, कपाशीला शेवटची बोंडं, आणि लांब उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. डोळ्याला अडायला काही नसलं की मला धास्तावल्यासारखं होतं. मी खिडकी सोडून पुढच्या सीटची पाठ बघत बसले.

स्टॅंडवर गयाबाई आल्या होत्या. फोटोतल्यापेक्षा बुटक्या. "तू कोकनातली काय? चाल. रामकिसननं सांगतलं, घाबरट बाई हाय, स्टॅंडवर जाजो म्हने."

घरी मुलगा दिगंबर, त्याची बायको सुनीता. दिगंबर पाणी द्यायच्या आधी म्हणाला, "आमच्या मायचा फोटो पाह्याले आल्या? त्यात पाह्यासारखं काय हाय पण?" हसत म्हणाला, तरी मला लागलं.

चहा खारट. मला वाटलं साखरेच्या जागी मीठ पडलं. गयाबाईंनी ओळखलं. "पानी खारं हाय आमच्या पट्ट्यात. प्याचं इकत येते, चहाले हेच. तुह्या गावाले कसं?"

"विहीर गोड आहे. समोर समुद्र आहे, तो खारा."

"घ्या. समुद्र तुमच्या दारात, न खारी विहीर आमच्या. देवाचा पत्ता चुकला वाटते."

जेवायला वांग्याचं भरीत, कळण्याची भाकर आणि ठेचा. भाकर ज्वारीत उडीद घालून केलेली, तांदळाची खाणाऱ्या माझ्या दातांना नवी, पण चव अशी की तिसरी मीच मागितली. आधी दिगंबर बसला, मग मी. गयाबाई आणि सुनीता वाढत होत्या. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही पण बसा." त्या म्हणाल्या, "मी बसतो मंग." तिकडे बायकाही स्वतःला 'बसतो', 'येतो' म्हणतात, ते कानाला गोड लागलं. पण त्या बसल्या नाहीत. मी हात धुऊन आले तर चुलीशी उभ्यानं, हातावर भाकर घेऊन चार घासांत जेवण उरकत होत्या. भरीत संपलेलं. मी स्वयंपाकघरात वाढलेली बाई, मला त्यात नवं काय? तरी त्या दिवशी सहन झालं नाही. तीच बाई कागदावर बसून जेवताना मी पाहिली होती.

शनिवार, संग्रामपूर

वानखड्यांचा स्टुडिओ बाजाराच्या रस्त्यावर, खाली खताचं दुकान. उंच, वाकलेला माणूस, साठी ओलांडलेली, बोटं औषधानं पिवळी. पासपोर्ट फोटो आणि लग्नं यांवर घर चालवलं, आता पोरं मोबाइलवर फोटो काढतात म्हणून तेही कमी. हे दुसरे फोटो तीस वर्षं काढतात, कोणी सांगितलं नसताना.

त्यांनी पेटीतून एकेक काढून माझ्या हातात दिला. न्हावी नदीच्या कोरड्या पात्रात खुर्चीवर बसलाय, तोंडासमोर आरसा असा धरलाय की चेहऱ्याच्या जागी आभाळ, आणि त्या आभाळाला दोन कान. शिंपी गुडघ्यावर बसून आपल्याच सावलीचं माप घेतोय. सावली संध्याकाळची, लांबच लांब, आणि त्याच्या टेपेला ती पुरत नाही. एक नवराबायको, चाळीस वर्षांच्या संसारात मोठ्यांसमोर एका खाटेवर कधी बसले नाहीत. त्यांना एकाच खुर्चीत बसवलंय. कंबरेच्या वर ती, खाली त्याचे धोतरातले पाय. हसायला येतं, आणि मग लक्षात येतं की दोघांना मिळून एकच जागा मिळालेली आहे.

मला कलेतलं कळत नाही असं लोक म्हणणार, म्हणोत. मला एवढं कळलं की हा माणूस चमत्कार दाखवायला फोटो काढत नाही. माणूस जे बोलत नाही ते तो त्याच्या शेजारी मांडून ठेवतो. न्हावी आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे आरशात दाखवतो. त्याचा चेहरा कोण बघतो? हे सांगायला मला दोन वाक्यं लागली. त्यांना एक आरसा पुरला.

एक मला आवडला नाही. माणसाच्या डोक्याच्या जागी दिव्याचा बल्ब. मी घाबरत म्हटलं, "काका, हा नुसता डोकं चालवून काढलाय."

त्यांनी तो उजेडाकडे धरून बघितला. मग म्हणाले, "खरं हाय. बक्षिसासाठी काढला होता. नाहीच भेटलं." आणि तो पेटीत तळाशी घातला. त्यानंतर माझ्याशी नीट बोलायला लागले.

गयाबाईंचा कसा काढला, ते विचारलं. जुना डबा कॅमेरा दाखवला. यात आपण रीळ फिरवल्याशिवाय फिल्म पुढे सरकत नाही. भिंगाच्या अर्ध्या भागावर काळा पुठ्ठा धरायचा, डावीकडची गयाबाई घ्यायची. मग पुठ्ठा दुसऱ्या बाजूला, आणि त्याच फिल्मवर उजवीकडची. दोन्ही अर्धे जुळतात ती जागा झाकायला मध्ये बांबू रोवला. मधल्या वेळात ऊन बदललं की खेळ खलास. "एक ढग आला. पाऊन घंटा थांबलो. मी म्हनलं, गयाबाई, हालू नोको, ताटावरून उठू नोको. तथीच बसून राह्यली. भाकर थंडी झाली तिची."

"आणि भाकर ताटात का पडत नाही?"

"हात बांबूच्या पल्याड गेला की कापल्या जाते, म्हनून अलीकडंच थांबवला. मले वाटलं होतं फोटो बिघडला. धुतला तवा पाह्यलं, तेच त त्यात हाय सारं."

त्यांना कोणी शिकवलेलं नाही. त्यांनी नावंही दिलेली नाहीत, एकाही फोटोला. नाव दिलं की लोक नाव वाचतात न निघून जातात, म्हणाले.

रविवार, वरवट बकाल

प्रदर्शन एका मंगल कार्यालयात, एका मंडळानं भरवलेलं. सकाळी दहाला पोचले तर हॉलमध्ये बारा फोटो आणि बाराही फोटोंखाली मंडळानं छापून चिकटवलेल्या पट्ट्या. न्हाव्याखाली 'गगनाला गवसणी'. शिंप्याखाली 'श्रम हीच पूजा'. गयाबाईंचा फोटो सगळ्यांत मोठा, स्टेजवर तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवलेला, आणि त्याखाली 'अन्नपूर्णा'.

ती पट्टी वाचून माझे कान तापले. ज्या फोटोत बाई आयुष्यात एकदाच ताटावर बसली, त्याला हे नाव द्यायचं म्हणजे तिला ताटावरून उठवून परत चुलीशी पाठवणं झालं. वानखडे कोपऱ्यात उभे. मी म्हटलं, "काका, हे काढायला सांगा." ते म्हणाले, "हॉल त्यायचा हाय, ताई." बोटांनी शर्टाची कड चोळत होते.

कार्यक्रम कसा सुरू होतो ते मराठी वाचकांना सांगायला नको. कुठलाही असो, आधी प्रतिमापूजन. तसबिरीला हार, गंध, दिवा, मग बाकीचं. पण तसबिरी आणणाऱ्या माणसाची मोटारसायकल वाटेत पंक्चर झाली होती. प्रमुख पाहुण्यांना पुढे दुसरा कार्यक्रम, ते सारखे घड्याळ बघत होते. सूत्रसंचालन एका तरुण मास्तराकडे. तो घामाघूम. त्यानं हाराचं तबक बघितलं, दारात बघितलं, स्टेजवर बघितलं. मग माइकवर म्हणाला, "कोकणातून खास आलेल्या ताईंच्या हस्ते प्रतिमापूजन होईल, अशी मी त्यांना विनंती करतो."

मला स्टेजवर आजवर कोणी बोलावलेलं नाही. शाळेतही नाही. वर गेले. तबक हातात आलं. मी कुजबुजले, "कोणाची प्रतिमा?" त्यानं हसतमुखानं, लोकांकडे बघतच, तिकाटण्याकडे हात केला. "चालवून घ्या, ताई."

आणि मी चालवून घेतलं. हे मला लिहायचं होतं. मला ठाऊक होतं त्या जिवंत आहेत. सकाळी त्यांनीच माझी वेणी घालून दिली होती. त्या दुसऱ्या रांगेत नव्या लुगड्यात बसल्या होत्या, मला दिसत होत्या. हार फोटोला घातला की माणूस गेलेला, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. पण माइकवरून नाव घेतलेलं, शंभर डोळे अंगावर, आणि सुशिक्षित माणूस सांगतोय. शाळा सुटलेल्या माणसाला एक रोग असतो, मास्तर म्हणेल ते खरं. मी हार घातला. गंधाचं बोट काचेवर टेकलं, डावीकडच्या, वाढणाऱ्या गयाबाईंच्या कपाळावर. दिवा ओवाळला.

मग एक म्हातारी सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "अवं, गयाबाई त इथी बसेल हाय." मागे पोरं फिसकन हसली.

दिगंबर उठला. मास्तराला काही बोलला नाही, पाहुण्यांना नाही, मंडळाला नाही. ती मोठी माणसं. सरळ वानखड्यांच्या अंगावर गेला. "रामकिसनकाका, माह्या मायले जितेपनी हार घातला तुमी. काढा तो फोटो. निगेटिव्ह बी पायजे मले. नदीत सोडतो सारं."

वानखडे म्हणाले, "तिचा फोटो हाय. तिले विचार."

"तिले काय विचाराचं? माय हाय ते माही."

हे वाक्य मी विसरणार नाही. पंधरा पावलांवर माय बसलेली. त्यानं मान वळवली नाही. मग माझ्याकडे बोट केलं, "न ह्या बाईले कोनं बलावलं होतं?" आणि हारासकट फोटो काखेत मारून मोटारसायकलवरून गेला.

मला वाटलं आता निदान कार्यक्रम थांबेल. कशाचा थांबतो. मास्तर म्हणाला, "किरकोळ गैरसमज." पाहुणे उठून पंचवीस मिनिटं बोलले. म्हणाले, असले फोटो आता कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत होतात, पण ग्रामीण भागातल्या कलाकाराची जिद्द वाखाणण्यासारखी आहे. पाऊण तास ढग सरायची वाट बघणाऱ्या माणसाला शाल देऊन हे सांगितलं. वानखड्यांनी शाल घेतली, घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि बाहेर गेले. टाळ्या वाजल्या. मी दात आवळून बसले. मला त्या मास्तराच्या हातून माइक काढून घ्यायचा होता. घेतला नाही. हार घालताना जशी गप्प होते तशीच गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्याचा राग सगळ्यांत जास्त.

गयाबाई माझ्याजवळ आल्या. "चाल. जेवाचा टाइम झाला." रस्ताभर त्या पुढे, मी मागे. मी तीनदा माफी मागितली. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "चूप राह्य ना व. मी इच्यार करून राह्यलो."

घरी बायका जमल्या होत्या. कोणी म्हणालं, जित्या माणसाच्या मरणाची खोटी वार्ता उठली की आयुष्य वाढतं, काही भिऊ नको. कोणी माझ्याकडे असं बघितलं की मी सामान बांधायला घेतलं. फोटो धान्याच्या कोठीला टेकवून ठेवला होता, तोंड भिंतीकडे. दिगंबर म्हणत होता, जेवलो की नदीवर जातो.

सुनीतानं ताटं मांडली. दिगंबर बसला. गयाबाई आल्या, मला शेजारी बसवलं, आणि त्याच्या समोर मांडी घालून, रिकामं ताट पुढ्यात ओढून बसल्या.

चुलीत लाकूड तडकलं. सुनीता भाकरीची टोपली घेऊन वाकली. गयाबाई म्हणाल्या, "तू ठेव ते. बस माह्या बाजूले. डिगांबर वाढन."

"माय, डोस्कं फिरलं काय तुहं?"

त्यांनी मला विचारलं, "पोरी, गंध तुनं कोनाले लावलं?"

मी म्हटलं, "डावीकडच्या."

"म्हंजे?"

"वाढणाऱ्या."

"आयकलं?" त्या दिगंबरला म्हणाल्या. "दोघी होत्या त्यात. मेली असन त वाढनारी मेली. तिले नदीत सोड नाही त चुलीत घाल. जेवनारी हे इथी बसेल हाय, न तिले भूक लागेल हाय."

आवाज चढवला नाही त्यांनी. पण मी रागावलेली माणसं पुष्कळ पाहिली आहेत, तसा राग पाहिला नाही. किती वर्षांचा होता कोण जाणे. दिगंबर सुनीताकडे बघायला लागला, सुनीता जमिनीकडे. दारातल्या बायकांपैकी एक पदर तोंडाला लावून म्हणाली, "वाढ ना बे. हात झिजते काय?"

तो उठला. टोपलीतली भाकर घेतली आणि वरूनच ताटात टाकली. गयाबाईंनी भाकरीला हात लावला नाही.

"भाजी?"

तो चुलीकडे गेला. पातेल्याचं झाकण काढलं, हात भाजला, झाकण पडलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "पळी कोठी हाय?"

चाळीशीचा माणूस, याच घरात जन्मलेला. मला सवयीनं उठावंसं वाटलं, गयाबाईंनी माझा गुडघा दाबून धरला. त्यानं दोन डबे उघडले, तिसऱ्या ठिकाणी, भिंतीच्या खिळ्याला, पळी सापडली. पातोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, रस्साभाजी होती. त्यानं आईला वाढली, मग सुनीताला, मग मला. माझ्या ताटात रस्साच जास्त आला. शेवटी स्वतः बसला तेव्हा पातेल्यात पातोडी उरली नव्हती. ठेच्याशी भाकर खाल्ली. खाताना एकदाही वर बघितलं नाही.

गयाबाई सावकाश जेवल्या. तीन भाकरी. मध्ये एकदा म्हणाल्या, "तिखट जरा कमी पडलं व सुनीता." सुनीता इतकी हसली की तिला ठसका लागला.

दिगंबर नदीवर गेला नाही.

सोमवार

प्रदर्शन दोन दिवसांचं होतं. सकाळी गयाबाईंनी कोठीमागून फोटो काढला, हार शेळीपुढे टाकला आणि दिगंबरला म्हणाल्या, "मोटारसायकल काढ." त्यानं काढली. मागे त्या, फोटो मांडीवर उभा धरून. मी पायी गेले.

हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं, फक्त वानखडे. फोटो बघून ते लगबगीनं उठले. मग काचेवरचं वाळलेलं गंध दिसलं आणि खिशातून रुमाल काढला.

"पुसू नोको," गयाबाई म्हणाल्या.

"अवं, चेहरा झाकल्या जाऊन राह्यला. अडीच दिवस लागले मले हा छापाले."

"झाकू दे. ते वाढनारी हाय. गेली ते. जेवनारीले पुस, धूळ बसली तिच्यावर."

वानखडे चिडले. म्हणाले, डाग म्हणजे डाग, फोटो म्हणजे काय पाटी हाय काय. बराच वाद झाला. तीस वर्षांत त्यांच्या फोटोला कोणी बोट लावलं नव्हतं. शेवटी त्यांनी रुमालाचं टोक ओलं करून उजवीकडची काच पुसली, डावीकडची तशीच ठेवली, आणि चार पावलं मागे जाऊन बघत राहिले. बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. तिकाटणं खिडकीच्या उजेडाकडे थोडं वळवलं.

मी माझ्याकडून एक केलं. 'अन्नपूर्णा' लिहिलेली पट्टी नखानं खरवडून काढली. नख तुटलं. मग उरलेल्या अकराही काढल्या. मंडळाचा माणूस दारात येऊन "ओ ताई, काय करून राह्यल्या" म्हणाला, तर म्हटलं, "चालवून घ्या." काढल्या सगळ्या.

दुपारी शेगावला सोडायला दिगंबरच आला. स्टेशनच्या दारात पिशवी हातात देताना म्हणाला, "म्या तुमाले बोललो रविवारी. ते… जाऊ द्या." मी जाऊ दिलं नाही. मी म्हटलं, जाऊ द्यायचं की नाही ते मला नाही, आईला विचारा. मान हलवली त्यानं. हो म्हणाला की नाही, कळलं नाही.

गयामावशी, तुम्हाला वाचता येत नाही, सुनीता हे वाचून दाखवेल. तुम्ही मला हाकलून देऊ शकत होता, गावानं तुम्हालाच बरोबर म्हटलं असतं. तुम्ही माझा गुडघा दाबून मला बसवून ठेवलंत. समुद्र केवढा असतो, असं तुम्ही मला निघताना विचारलंत आणि मला सांगता आलं नाही. मी माझ्या कमाईतून तिकीट काढून तुम्हाला न्यायला येणार आहे, एकटी, न घाबरता. पहिलं पान तुमचं मांडेन, घावणे आणि नारळाचा रस, भाताबरोबर सोलकढी. वाढेल माझा नवरा, त्याला आजच सांगून ठेवलंय. आणि मी तुमच्या शेजारी बसेन, त्यानं काहीही मागितलं तरी उठणार नाही.